शेड आणि घराच्या मधल्या भिंतीत दार काढायचंय? भिंतीला हात लावण्याआधी हे वाचा

शेड घराला लागून आहे आणि मधली भिंत सलग आहे, असं असलं की पावसाळ्यात रोजचा फेरा पडतो. रात्री तुरीचं पोतं काढायचं असो की फवारणीचा पंप आत ठेवायचा असो, सपरीतून (ओसरीतून) अंगणात, अंगणातून चिखल तुडवत शेडच्या फाटकापाशी, आणि तसंच परत. आमचं घर वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात आहे. आईला तो फेरा झेपेना तेव्हा आम्ही मधल्या भिंतीत दार काढलं. या कामाची माहिती एका जागी कुठंच मिळत नाही. थोडी मिस्त्री सांगतो, थोडी लोखंडाचा दुकानदार, थोडी तालुक्याचा इंजिनिअर, आणि तिघांचं एकमेकांशी जुळतंच असं नाही. तुम्हाला ती धावपळ पडू नये म्हणून सगळं ओळीनं लिहितो आहे.

दोन गोष्टी मात्र पहिल्यापासून डोक्यात ठेवा. पहिली, भोक पाडायच्या आधी त्या भोकावरचा भार पेलणारं लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी काँक्रीटची तुळई, भिंतीत बसलेलं असलं पाहिजे. आधी फोडू, मग वरून काहीतरी टाकू, असं म्हणणाऱ्या माणसाला काम देऊ नका. दुसरी, शेडमध्ये डिझेल असतं, पेट्रोल असतं, कीटकनाशक असतं आणि दिवाळीनंतर कापूस असतो. आजवर हे सगळं भिंतीच्या पलीकडे होतं. दार काढलं की त्याचा धूर, वास, आग आणि उंदरामागून येणारा साप या सगळ्यांना थेट घरात यायची वाट होते. म्हणून हे दार आपोआप मिटणारं, घट्ट बसणारं आणि आगीला थोडा वेळ तरी अडवणारं हवं. खर्च कुठं वाचवायचा असेल तर रंगात वाचवा, यात नको.

1. भिंत कोणती आहे ते ओळखा

सगळं काम यावर ठरतं, म्हणून इथं घाई करू नका.

आधी जाडी मोजा. जवळच्या एखाद्या दारापाशी किंवा खिडकीपाशी टेप लावला की कळतं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून साधारण 10 इंच भरली तर ती एक विटेची, म्हणजे 9 इंची भिंत. साडेपाच-सहा इंच भरली तर अर्ध्या विटेची. 9 इंची भिंत बहुतेक वेळा छपराचा भार घेते. अर्ध्या विटेची भिंत नुसता आडोसा असायची शक्यता जास्त, पण तेही वर पाहिल्याशिवाय मानू नका.

मग वर पाहा. घर कॉलम-बीमचं असेल आणि दोन कॉलमच्या मध्ये भिंत भरलेली असेल, तर भार बीम घेतो आणि तुमचं काम बरंच सोपं आहे. कॉलम नसतील आणि स्लॅब थेट भिंतीवर टेकला असेल, तर पुढं जायच्या आधी तालुक्याच्या गावातला सिव्हिल इंजिनिअर एकदा घरी आणा. त्याची फी स्लॅबला तडा गेल्यावरच्या खर्चापुढं काहीच नसते. कवेलूचं (कौलारू) किंवा टिनाचं छप्पर असेल तर मयालीचं (छपराच्या आडव्या लाकडी तुळईचं) टोक, कैचीचा (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचा) पाय किंवा लोखंडी पाइप भिंतीवर नेमका कुठं टेकला आहे ते खडूनं भिंतीवर उतरवून घ्या. दार त्या जागेच्या खाली काढायचं नाही.

कारण असं. भिंतीत भोक पडलं की त्याच्यावरच्या विटा त्रिकोणी आकारात खाली बसू पाहतात. त्या त्रिकोणाच्या बाहेरच्या विटा एकमेकींना धरून राहतात. म्हणजे साध्या भिंतीत लिंटेलवर फक्त त्या त्रिकोणाचं वजन येतं. पण मयालीचं टोक त्या त्रिकोणात आलं तर छपराचा त्या बाजूचा सगळा भार लिंटेलवर येतो, आणि मग साधं लिंटेल पुरत नाही.

पलीकडच्या बाजूनंही पाहायला विसरू नका. आपल्याकडे शेड मागाहून चढवलेलं असतं आणि त्याचे अँगल घराच्याच भिंतीत गाडलेले असतात. घरातून पाहिलं तर भिंत मोकळी दिसते, शेडमधून पाहिलं तर नेमका तिथंच अँगल असतो.

आता एक उपयोगाची खूण. काही नव्या घरांना 7 फुटांवर सगळ्या भिंतींतून फिरणारी काँक्रीटची लिंटेल पट्टी असते. प्लास्टरवरून ती दिसत नाही. त्या उंचीवर ड्रिलनं एक बारीक छिद्र पाडा. लाल भुकटी आली तर वीट, राखाडी भुकटी येत राहिली आणि ड्रिल जड चाललं तर काँक्रीट. सुरुवातीची राखाडी प्लास्टरची असते, म्हणून इंच-दीड इंच आत गेल्यावर पाहा. पट्टी सापडली तर तिला धक्का न लावता तिच्या खाली दार काढायचं, आणि 6, 7 आणि 8 या टप्प्यांतलं लिंटेल ओतणं, टेकू देणं आणि लिंटेल बसवणं तुम्हाला करावंच लागणार नाही. वीज मात्र बंद करायचीच.

जुनी मातीची भिंत असेल तर छप्पर लाकडी खांबांवर आहे की भिंतीवर ते बघा. खांबांवर असेल तर दोन खांबांच्या मधली भिंत भार घेत नाही आणि तिथं दार काढता येतं. भार भिंतीवर असेल तर मातीकाम जाणणाऱ्या जुन्या मिस्त्रीशिवाय हात लावू नका, ग्राइंडरवाल्या पोरांचं ते काम नव्हे.

आणि भिंतीला आधीच तिरपा तडा असेल तर? काळ्या भारी जमिनीवरच्या घरांना हे होतंच. उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसाळ्यात फुगते, पाया हलतो. अशा तड्याच्या जवळ दार काढलं की तडा दाराच्या कोपऱ्याकडे धावतो. शक्यतो जागा बदला. कोपऱ्यापासून आणि शेजारच्या खिडकी-दारापासून निदान 2 फूट भिंत शिल्लक राहिलीच पाहिजे.

2. दाराची जागा आणि माप

शेडमधलं दार झोपायच्या खोलीत उघडू देऊ नका. इंजिन चालू राहिलं तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. स्वयंपाकघरही नको, कारण तिथं जाळ असतो आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत येते. सपरी, बोळ किंवा सामानाची खोली, यांपैकी काहीतरी निवडा.

माप ठरवताना खांद्यावर पोतं घेतलेला माणूस डोळ्यांपुढं आणा. अडीच फुटांच्या दारातून तो आडवा होऊन जाईल आणि चौकट रोज घासेल. 3 फूट चालतं, साडेतीन फूट उत्तम. उंची घरातल्या इतर दारांएवढी ठेवा, म्हणजे लिंटेल एका रेषेत येतं.

सुताराला किंवा चौकटवाल्याला माप देताना ते बाहेरून बाहेर आहे की आतून आत, हे कागदावर लिहूनच द्या. 3 फुटांची चौकट सांगितली आणि त्यानं बाहेरून धरली, तर दोन्ही बाजूंचं अडीच-अडीच इंच लाकूड वजा जाऊन तुमच्या हाती 2 फूट 7 इंचांचा रस्ता येतो. बहुतेकांचा घोळ इथंच होतो.

3. कागदपत्रं

घरातल्या आतल्या भिंतीचं काम, कागद कशाला, असं वाटेल. पण शेड आणि घर ग्रामपंचायतीच्या दप्तरी दोन वेगळ्या नोंदींवर असू शकतं. वाटणीनंतर शेड भावाच्या नावावर आणि घर तुमच्या, किंवा मधली भिंत सामाईक, असंही असतं. मग दार काढल्यावर भाऊबंदकी सुरू होते. म्हणून एवढं जमवा:

- घर आणि शेड दोन्हींचा नमुना 8 चा उतारा. हा ग्रामपंचायतीतून मिळतो. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) मिळणारा 8-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो. अनेक जण 8-अ घेऊन ग्रामपंचायतीत जातात आणि हेलपाटा पडतो.
- चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती.
- गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. भिंत कोणाच्या हद्दीत आहे ते त्यावरून कळायला मदत होते.
- भिंत सामाईक असेल तर दुसऱ्या मालकाचं लेखी संमतीपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. तोंडी होकारावर थांबू नका, माणूस सख्खा असला तरी.
- घरावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला एक पत्र.
- काम सुरू होण्याआधीचे भिंतीचे फोटो, दोन्ही बाजूंनी, असलेले तडे दिसतील असे.

गावठाणात नवं बांधकाम किंवा पुनर्बांधकाम करायला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. तुमचं काम त्यात मोडतं की साधी दुरुस्ती ठरतं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) विचारा. विचारताना साध्या कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढं कोणी तक्रार केली तर तो शिक्का तुमच्या बाजूनं उभा राहतो. घरकुल योजनेतलं घर असेल तर शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत भिंतीला हात लावू नका, कारण हप्ते फोटो आणि पाहणीवर मिळतात.

4. कधी करायचं

माझ्या मते संक्रांतीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावं. त्याआधी शेडमध्ये कापूस भरलेला असतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या व कापूस एका छपराखाली असता कामा नयेत. त्यानंतर ऊन चढतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की काँक्रीट आणि जोडाईचं पाणी तासाभरात उडतं, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि दिवसातून चार वेळा पाणी मारणं कोणालाच जमत नाही. पावसाळ्यात मिस्त्री मोकळा सापडतो, पण तेव्हा काळी जमीन हलत असते. थांबा.

एकूण पाच-सहा आठवडे धरा. प्रत्यक्ष काम थोडंच असतं, बाकीचं सिमेंट पक्कं होण्यासाठी थांबणं. मिस्त्रीशी ठरवताना रोजीवर न ठरवता टप्प्यांवर ठरवा, म्हणजे मधल्या थांबण्याच्या दिवसांचा त्याच्यावर ताण येत नाही आणि तो घाई करत नाही.

5. साहित्य आणि अवजारं

बाहेरून बाहेर साडेतीन फुटांच्या चौकटीसाठी लिंटेल साडेचार फूट लांब लागतं, दोन्ही बाजूंना 6-6 इंच टेकायला. त्याला अर्धं पोतं सिमेंट पुरतं. चौकट, पायऱ्या आणि प्लास्टर धरून एकूण तीन-चार पोती आणा. रेती धुतलेली, गिट्टी 20 मिलिमीटरपेक्षा मोठी नको. सळई 10 आणि 8 मिलिमीटरची, सळया एकत्र धरणाऱ्या रिंगांसाठी 6 मिलिमीटरची.

अवजारांत ग्राइंडर आणि त्याची डायमंड चकती, छिन्नी, दोन-अडीच किलोचा हातोडा, ओळंबा, लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी), गुण्या, टेकूसाठी लोखंडी जॅक किंवा जाड बल्ल्या, लाकडी पाचरी आणि दीड-दोन इंच जाडीच्या फळ्या. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवाच. विटेची भुकटी छातीत बसते. घण मात्र घरातच ठेवा. घणाच्या दणक्यानं वरच्या विटांचे सांधे सुटतात आणि तो ढिलेपणा प्लास्टरखाली लपून राहतो.

6. लिंटेल खाली जमिनीवर ओता

9 इंची भिंतीत अख्खं 9 इंची लिंटेल एका वेळी बसवायला गेलं तर भिंत आरपार कापावी लागते, आणि लिंटेलचं वजनही सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. त्याऐवजी साडेचार इंच रुंद, 6 इंच उंच आणि साडेचार फूट लांब अशी दोन लिंटेलं ओता. एकेक साधारण 60 किलोचं होतं, दोन माणसं उचलतात. एक घराच्या बाजूनं बसतं, एक शेडच्या, आणि कोणत्याही वेळी निम्मी भिंत शाबूत राहते.

प्रत्येकात खाली 10 मिलिमीटरच्या दोन सळया, वर 8 च्या दोन, आणि दर 4 इंचांवर रिंग. सळईभोवती सगळीकडे निदान पाऊण इंच काँक्रीट असावं, त्यासाठी खाली सिमेंटच्या गोळ्या ठेवा. हे माप एक मजली घर, कवेलू किंवा टिनाचं छप्पर आणि साडेतीन फुटांपर्यंतचं दार यासाठी आहे. वर स्लॅब असेल तर सळई इंजिनिअरनं सांगितलेलीच घाला.

मिश्रण 1 भाग सिमेंट, दीड भाग रेती, 3 भाग गिट्टी. अर्ध्या पोत्याला 12-13 लिटर पाणी, त्याहून जास्त नको. रेती ओली असेल तर आणखी कमी. मजूर हात चालावा म्हणून पातळ करायला बघतात, तिथं उभं राहा. ओतल्यावर सळईनं टोचून टोचून हवा काढा. दुसऱ्या दिवसापासून ओला बारदाना टाकून 14 दिवस भिजत ठेवा.

आणि ओतल्या ओतल्या, काँक्रीट ओलं असतानाच, वरच्या अंगावर खिळ्यानं मोठा बाण आणि «वर» हा शब्द कोरा. सुकलेलं लिंटेल चारही बाजूंनी सारखं दिसतं. ते उलटं बसलं तर जाड सळया वर जातात, खालचं अंग पुरेसा ताण घेऊ शकत नाही आणि मधोमध चीर पडू शकते.

7. टेकू द्या आणि वीज बंद करा

छपराचा भार भिंतीवर असेल तर दोन्ही बाजूंनी, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर टेकू लावा. वर आडवी फळी, खालीही आडवी फळी. शेडची जमीन मातीची असते, टेकू थेट मातीवर ठेवला की तो रुततो आणि रुतलेला टेकू काही कामाचा नाही. पाचर ठोकताना टेकू घट्ट झाला की थांबा. छप्पर उचलायचा प्रयत्न करू नका, त्यानंच तडे जातात.

भिंतीत वायर गेली आहे का बघा. बोर्डापासून सरळ वर आणि छताखाली आडवी, अशी ती सहसा जाते. तरीही मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून मगच कापायला घ्या, ग्राइंडरसाठी शेजाऱ्याकडून वायर ओढा.

8. लिंटेल आत सरकवा

घराच्या बाजूनं लिंटेलची जागा आखा: साडेचार फूट लांब, साडेसात इंच उंच. लिंटेल 6 इंचांचं, वर-खाली मसाल्याला (सिमेंट-रेतीच्या मिश्रणाला) जागा. आडवी रेषा लेव्हल पाइपनंच काढा, जमिनीवरून मोजू नका, जुन्या घरांची जमीन सरळ नसते. रेषांवर ग्राइंडर फिरवा, मग छिन्नीनं साडेचार इंच खोल पोकळी काढा. 9 इंची भिंतीत काही विटा आडव्या, आरपार बसवलेल्या असतात. त्या हातोड्यानं तोडायला गेलं तर पलीकडचा भागही निघतो. त्या मधोमध ग्राइंडरनं कापा, वेळ लागला तरी.

पोकळी झाडून ओली करा. दोन्ही टोकांना जिथं लिंटेल टेकणार तिथं 1:3 चा (1 भाग सिमेंट, 3 भाग रेती) मसाला अंथरा, लिंटेल बाण वर ठेवून आत सरकवा, लेव्हल बघा. आता सगळ्यात महत्त्वाचं काम. लिंटेलच्या वर जी फट राहते ती सुकट मसाल्यानं ठोकून ठोकून भरा. मसाला असा की मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला पाणी लागू नये. लाकडी पट्टीनं आतपर्यंत रेटा, अधूनमधून फरशीचे तुकडे पाचरीसारखे ठोका. नुसतं पुढून तोंड लिंपून घेतलं तर आत पोकळ राहतं, टेकू काढल्यावर वरच्या विटा त्या पोकळीएवढ्या खाली बसतात, आणि दोन महिन्यांनी दारावर तिरपा तडा येतो. मिस्त्रीवर कितीही विश्वास असला तरी हे भरताना समोर थांबा आणि स्वतः खिळा खुपसून पाहा.

7 दिवस पाणी मारा. मग शेडच्या बाजूनं तेच सगळं दुसऱ्या लिंटेलचं. पुन्हा 7 दिवस. अर्ध्या विटेच्या भिंतीला एकच लिंटेल लागतं, पण पोकळी आरपार जाते, म्हणून तिथं टेकू कधीच वगळू नका.

9. भोक पाडा

आता भिंत फोडायची. दोन्ही बाजूंनी दाराच्या उभ्या रेषा ग्राइंडरनं कापून घ्या आणि लिंटेलखालच्या थरापासून सुरुवात करून एकेक थर खाली उतरा. विटा सुट्या करून काढल्या तर पायऱ्यांना वापरता येतात. खालून सुरुवात करून वरचं आपोआप पाडायचा मोह मजुरांना होतो. तसं करू देऊ नका, आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी पाठवा.

टेकू लगेच काढू नका. चौकट बसून तिचं काँक्रीट पक्कं झाल्यावर पाचरी हळूहळू सैल करा आणि एक रात्र जाऊ द्या. प्लास्टरवर नवी रेघ दिसली नाही तरच टेकू हलवा.

10. चौकट

आपल्या भागात उधई (वाळवी) ही मोठी अडचण आहे, आणि शेडला लागून जमीन ओली राहिली तर ती नक्की येते. म्हणून या दाराला मी लोखंडी किंवा सिमेंटची चौकट सुचवेन. सिमेंटच्या चौकटीला बिजागरीची जागा ओततानाच सोडतात, तेव्हा दार डावं की उजवं आणि कोणत्या बाजूला उघडणार ते मागणी देताना चित्र काढून द्या.

लाकडीच हवी असेल तर साग चांगला. पण आपल्याच धुऱ्यावरचा (बांधावरचा) साग आहे म्हणून कापून आणू नका. सागाला महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 लागू आहे, तोडायला परवानगी आणि न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. वखारीतून घेतलं तर पावती जपून ठेवा. लाकडी चौकटीचे पाय जमिनीत गाडू नका, आणि भोवतालच्या मातीत क्लोरपायरीफॉस 20 ईसी, 1 लिटरला 19 लिटर पाणी या प्रमाणात, हातमोजे घालून मुरवा.

चौकट उभी करताना ओळंबा दोन्ही अंगांनी लावा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच होल्डफास्टभोवती, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती, काँक्रीट भरा. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांना चौकटीची पूजा करायची असते, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा आणि मिस्त्रीलाही आधीच सांगा, म्हणजे कालवलेला मसाला सुकत बसत नाही.

11. उंबरठा आणि पायऱ्या

घराचं जोतं शेडपेक्षा उंच असतं, ते चांगलंच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. शेडमधलं पाणीही खालीच राहतं. घर आणि शेडची जमीन एका पातळीत असेल तर निदान 4 इंचांचा पक्का उंबरठा बांधा. ठेच लागते म्हणून नको, असं घरातून म्हणतील. त्याला पिवळा पट्टा मारा, पण उंबरठा ठेवा.

दीड फूट उंचीचा फरक असेल तर 6-6 इंचांच्या तीन पायऱ्या, पाय ठेवायची जागा 11-12 इंच. दार घराच्या बाजूला उघडू द्या. शेडच्या बाजूला उघडलं तर पोतं घेऊन पायरीवर उभा असलेला माणूस दार ओढायला मागे सरकेल आणि पडेल.

12. पल्ला (दाराची फळी)

प्लास्टिकचं दार स्वस्त पडतं, पण इथं नको, ते वितळतं आणि त्याचा धूर वाईट. भरीव फ्लश डोअर, 35 मिलिमीटर जाडीचं, घ्या आणि शेडच्या बाजूनं त्यावर पातळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा कडांपर्यंत मढवून घ्या. पोकळ फ्लश डोअर दिसायला तसंच असतं, बोटानं ठोकून आवाज ऐका आणि उचलून बघा. किंवा सरळ लोखंडी पत्र्याचं दार करून घ्या.

वर हायड्रॉलिक डोअर क्लोजर लावा. स्प्रिंगची बिजागरीही दार मिटवते, पण आपटते आणि पोरांची बोटं सापडतात. क्लोजर लावल्यावर दार उघडं राहावं म्हणून विटेची उटी (टेका) लावायची सवय घरात कोणालाच लागू देऊ नका.

खालची फट पाव इंचापेक्षा जास्त नको, आणि तिलाही रबराची पट्टी. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. मण्यार रात्री हिंडतो, झोपेत चावला तर बहुधा दुखतही नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडची माणसं जमिनीवर झोपतात. रबराची पट्टी वर्षा-दोन वर्षांत कडक होते, तेव्हा बदला.

कडी घराच्या बाजूनं लावा, मजबूत आणि वर-खाली दोन. शेडचं फाटक सहसा कच्चं असतं. चोर शेडमध्ये शिरला तर त्याला रात्रभर आडोशाला बसून या दारावर काम करता येतं.

13. शेडची लावालाव बदला

दार झालं की शेडकडे नव्यानं पाहा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कीटकनाशकाचे डबे दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, कुलुपाच्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवा. फवारणीचे कपडे शेडमध्येच उतरवायचे, दारातून आत आणायचे नाहीत. मी तिथंच एक खुंटी आणि बाहेर नळ घेतला.

कापसाचा ढीग दारापासून चार-पाच हात दूर, आणि स्विच-बोर्डाखाली कधीच नको. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून कळत नाही. समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली आणि एक वर असेल तर वास आणि वाफ कोंडत नाही. ट्रॅक्टर, जनरेटर किंवा डिझेल इंजिन शेडमध्ये चालू ठेवून आत यायचं नाही, दार बंद असलं तरी. दिव्याला दोन्ही बाजूंनी बटण घ्या, अंधारात पायऱ्यांवर पाय चुकतो.

14. पहिलं वर्ष

टेकू काढल्यावर लिंटेलच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहा. तडा आला तर त्याच्या टोकाशी पुन्हा खूण आणि तारीख करा. केसाएवढी रेघ आली आणि तिथंच थांबली तर ती प्लास्टरची, चिंता नको. खुणेच्या पुढं सरकत राहिली किंवा तीत नाणं बसू लागलं तर लगेच टेकू लावा आणि इंजिनिअरला बोलवा.

लाकडी पल्ला जुलै-ऑगस्टात अडकायला लागेल. लाकूड फुगतं, खालची काळी जमीनही फुगते. तेव्हा रंधा मारून घेतला तर उन्हाळ्यात तीच फट बोटभर होते आणि पट्टी टेकत नाही. बसवतानाच चारही बाजूंनी 3-4 मिलिमीटर जागा सोडा, कडांना आणि खालच्या अंगालाही तेलरंग द्या. तरीही घासलं तर बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, आणि रंध्याचं काम दिवाळीनंतर जमीन वाळेपर्यंत राहू द्या.